सासूबाईंना घेऊन शिडाच्या बोटीने ग्रेनेडीन्स बेटं, सात दिवसांत जमेल का?

मोगरा७:
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत असतो. नवऱ्याने गेल्या वर्षी शिडाची बोट चालवायचा कोर्स केला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बेत असा: कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंटहून चाळीस फुटी कॅटमरान (जोड-सांगाड्याची शिडाची बोट) भाड्याने घ्यायची, स्किपर (बोट चालवणारा कप्तान) न घेता. मग बेक्विया, कॅनोआन, मेरो, टोबॅगो कीज, युनियन आयलंड, जमलं तर पलीकडे ग्रेनाडाच्या हद्दीतलं कॅरियाकू, आणि सातव्या दिवशी बोट परत. बरोबर मी, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई (६८, गुडघे ठणठणीत, पण गाडी लागते). शाळेला सुट्टी म्हणून जुलैत जायचं म्हणतोय. कोणी केलंय का हे? घाबरवलंत तरी चालेल, पण खरं सांगा.

काळा_मचवा:
तीनदा केलंय, त्यातलं एकदा साफ चुकीचं. मी मूळचा देवगडचा, बाबांचा मचवा होता, पुढे जन्म मालवाहू जहाजांवर गेला. त्यामुळे जरा खडूस वाटेन.

जुलै विसरा. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. १ जुलै २०२४ ला बेरिल नावाचं वादळ कॅरियाकूवर धडकलं तेव्हा वारा ताशी २४० किलोमीटरच्या घरात होता. शेजारच्या युनियन आयलंडवर धड उभं घर शोधावं लागत होतं. तुमच्या यादीतली दोन बेटं ती हीच. नाताळातही नको, तेव्हा व्यापारी वारे इतके चढतात की त्यांना नावच ‘ख्रिसमस विंड्स’ पडलंय. एप्रिलमधली सुट्टी बघा.

आता खरी मेख. तुमचा सगळा बेत जाण्याचा आहे, येण्याचं एक वाक्य. वारा तिथे पूर्व-ईशान्येचा. बेटांची माळ सेंट व्हिन्सेंटपासून दक्षिणेला उतरत जाते, म्हणजे जाताना वारा कुशीवर, बोट सहा-सात नॉटने (ताशी सागरी मैल) मजेत पळते, सगळे फोटो काढतात. परत उत्तरेला निघालात की तोच वारा जवळजवळ नाकावर. मी पहिल्या खेपेला शेवटच्या दिवशी कॅनोआनहून बेक्विया गाठायला निघालो. वीसेक सागरी मैल, दुपारच्या जेवणाला पोहोचू म्हटलं. वारा थोडासा ईशान्येला सरकला, कॅटमरान काही वाऱ्यात धड घुसेना, आणि बेटांमधल्या खाडीतला प्रवाह पश्चिमेला ढकलत राहिला. नागमोडी काढत काढत कॅनोआन मागे तेवढंच मोठं दिसत होतं. शेवटी इंजिन लावलं, तरी दर लाटेला बोटीचं पोट धाडकन आपटायचं आणि खाली कपाटातली भांडी नाचायची. बायको बादली धरून, मी सुकाणूवर, दोघांचं बोलणं बंद. दिवेलागणीला नांगर पडला.

आई विचारायची, "कधी येतलास?" बाबा म्हणायचे, "ता वाऱ्याक इचार." हे ऐकत वाढलेल्या माणसाने असं करावं!

तेव्हा टोबॅगो कीजच्या पुढे जाऊ नका. कॅरियाकू म्हणजे दुसरा देश: युनियन आयलंडच्या क्लिफ्टन बंदरात बाहेरचा शिक्का, तिकडे पिवळा झेंडा लावून आतला शिक्का, परत येताना पुन्हा तेच. दिवस कागदात जातो. दोन दिवस परतीचे ठेवा, त्यातला एक रिकामा.

स्किपर मात्र घ्या. यजमानांना वाईट वाटेल, वाटू दे. टोबॅगो कीजला प्रवाळांमधून वाट रंग बघून काढतात: गडद निळं म्हणजे खोल, पोपटी-फिरोजी म्हणजे वाळू, तपकिरी दिसलं की तिथे जायचं नाही. त्यासाठी ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे लागतं. दुपारी चारला पश्चिमेकडे तोंड करून निघालात तर पाणी नुसता पत्रा चमकल्यासारखं, खालचं काही दिसत नाही. शिवाय आपल्या देवगडला भरती-ओहोटीत पुरुषभर फरक, तिथे जेमतेम हातभर. म्हणजे बोट टेकली तर भरतीची वाट बघून सुटेल ही आशा नाही.

वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांचं यजमानांना पाठ असेल, अमेरिकेत शिकलेत. बंदरात शिरताना तिकडे लाल बोया उजवीकडे, आपल्याकडे डावीकडे. माझ्या हाडात देवगड, त्यामुळे पहिल्या दिवशी बायकोने ओरडून वाचवलं.

एवढं सगळं करून जा मात्र नक्की. कीजला अर्धवर्तुळाकार प्रवाळाच्या आत नांगर टाकून बसलात की लाटा पलीकडे फुटतात, इकडे पाणी तळ्यासारखं, आणि वारा मात्र थेट अटलांटिकचा. बॅराडल बेटाजवळ कासवं समुद्रगवत चरत असतात. पाण्यात तोंड घातलं की त्यांचं चरणं दिसतं, अगदी गाईसारखं मान हलवून उपटतात. लेकीला दोन दिवस तिथून हलवता येणार नाही.

आणि हो, बेक्विया नाही, ‘बेक्वे’ म्हणतात.

शेंगदाणा_लाडू:
काकांना +१. सासूबाईंसाठी: गोळी निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी (डॉक्टरांना विचारून), बोट चालू असताना खाली स्वयंपाकघरात अजिबात पाठवू नका, मागच्या बाकावर क्षितिजाकडे तोंड करून बसवा. आलेपाक सोबत ठेवा. आमच्या आईला यावर बेक्वेची खाडी पार झाली, फक्त शेवटच्या अर्ध्या तासात चेहरा पांढरा.

गोडं पाणी टाकीत असतं तेवढंच. सासूबाई एका तांब्यात अंघोळ उरकणाऱ्या पिढीतल्या असतील तर त्याच सगळ्यात कमी वापरतील, आमच्याकडे टाकी रिकामी केली ती तरुण मंडळींनी.

अवांतर: खाण्याची काळजी नको. सेंट व्हिन्सेंटला १८६१ पासून मजूर म्हणून हिंदुस्थानी माणसं नेली होती, त्यामुळे रोटी नावाचा प्रकार सगळीकडे मिळतो: मोठी पोळी, आत बटाटा-चिकनचा रस्सा गुंडाळलेला. बिनमांसाची मागितली तरी मिळते. पैसे ईस्ट कॅरिबियन डॉलरमध्ये, एका अमेरिकी डॉलरला २.७०. बिल कोणत्या डॉलरमध्ये सांगितलंय ते आधी विचारा, मी एकदा कोळ्याला लॉबस्टरचे जवळजवळ तिप्पट देऊन बसले.

मोगरा७:
काका, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. "नागमोडी" पर्यंत हसत होता, बादलीनंतर गप्प. स्किपर घ्यायला तयार झालाय, अट एकच, सुकाणू दिवसातून दोन तास त्याच्या हातात. एप्रिलच्या तारखा बघतोय, कॅरियाकू रद्द. सासूबाईंना बेक्वे म्हणायला शिकवलं, त्या "बेकवे" म्हणतात. त्यांची एकच शंका: बोटीत देवाला निरांजन लावता येईल का?

काळा_मचवा:
बोटीत गॅसची शेगडी असते, त्यामुळे खाली ज्योत नको. आमच्या मचव्यावर नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) नारळ फोडायचो, तो चालेल. आणि सामान कापडी पिशव्यांत भरा. कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागाच नसते, आमची आठवडाभर न्हाणीघरात उभी होती.