गॅरेजची फरशी: रोजावर की फुटावर?

प्रश्न: नाशिकला बाबांनी बांधलेल्या घराचं गॅरेज, १० बाय १८ फूट. कोबा उखडलाय, भिंतीला गुडघ्याएवढी ओल. हात लावला की पोपडे पडतात. गवंडी रोजाचे १,१०० आणि बिगारी ७०० मागतोय. काम कसं द्यावं?

उत्तर: फरशी फुटावर द्या, १८० चौरस फूट सरळ मोजता येतात. ओलीचं काम मात्र रोजावरच. घाईत गिलावा मारला तर पावसाळ्यात परत फुगतो.

उत्तर: कोटा दगडाची फरशीच घाला, गुळगुळीत टाइलवर ओले पाय घसरतात. आणि दाराकडचा उतार बादलीभर पाणी ओतून बघा, मगच हिशेब चुकता करा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे! गिलावा खरवडला, आतली वीट अजून गार लागते. म्हणजे फरशी दिवाळीनंतरच. तोवर बाबांची स्कूटर अंगणात, ताडपत्रीखाली.