मदत हवी आहे: संपाच्या काळातला नवरा-बायकोचा प्रसंग भाषणासारखा होतोय

कोरा कागद:
दीर्घकथा लिहिते आहे. काळ ऑगस्ट १९८२. १८ जानेवारीला सुरू झालेल्या गिरणी संपाला सात महिने होत आलेत. लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. नवरा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, मूळ गाव पाटण तालुक्यात. बायकोने त्याला न सांगता मंगळसूत्र गहाण ठेवलंय आणि ते त्याला कळतं, असा प्रसंग आहे. १४०० शब्द झालेत, हा तिसरा खर्डा. तरी दोघं एकमेकांना संपच समजावून सांगताहेत. ती म्हणते, "सात महिने पगार नाही, पोरांच्या तोंडात काय घालू?" संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्या भरवशावर तो म्हणतो, "डॉक्टर सांगतील तेव्हाच कामावर जायचं." हे त्या दोघांना आधीच माहीत आहे, मग ते बोलतात कशाला, हे वाचताना मलाच खटकतं. शेवट पहाटेच्या भोंग्यावर केलाय. कुठे चुकतंय?

पाणसळ:
संवादांना हात लावण्याआधी दोन गोष्टी बदला: वस्तू आणि जागा.

मंगळसूत्र म्हटलं की वाचकाला पुढचं सगळं आधीच दिसतं. त्याऐवजी पितळी हंडा घ्या, लग्नातला, काठाखाली नाव कोरलेला. तो मोडीत दिला की वजनावर पैसे मिळतात आणि वस्तू कायमची जाते, सोडवून आणायचा प्रश्नच नाही. शिवाय मंगळसूत्र गेलं तर मोकळा गळा पदराखाली झाकता येतो, हंडा गेलेला झाकता येत नाही.

आता जागा. दहा बाय बारात सहा माणसं असताना नवरा-बायको खोलीत मोकळेपणाने बोलूच शकत नाहीत. तुमचे दोघे बोलतात, कारण तुम्ही पोरांना झोपवून टाकलंय. चाळीतले पुरुष गॅलरीत झोपतात. त्याला तिथे भिंतीशी चटईवर ठेवा, पहाटे जागा, डोळे मिटलेले. मजल्याच्या नळावर पाणी आलंय. प्रसंग त्याच्या कानांनी लिहा. हंडा भरताना आवाज आधी खोल घुमतो, मग पाणी गळ्याशी येईल तसा चढत जातो. त्याच्या बायकोचा नंबर लागतो आणि पाणी डालडाच्या डब्यात पडल्यासारखं तडतड वाजतं. तो डोळे उघडत नाही. इतक्यावरच वाचकाला कळतं.

मग शेजारीण विचारते, कारण रांगेत भांडी लावून नंबर धरतात आणि कुणाचं भांडं कुठलं हे साऱ्या मजल्याला पाठ असतं:

"वैनी, हंडा कुठं दिसंना तुमचा?"
"कल्हईला दिलाय."

इथे थांबून नीट विचार करा. तिने कोणतं खोटं बोलावं यावर सगळा प्रसंग ठरतो. "डाग द्यायला दिलाय, बूड गळतंय" म्हणाली तर ते पटण्यासारखं आहे, शेजारीण मान हलवेल, प्रसंग पुढे सरकेल. पण कल्हई लावतात स्वयंपाकाच्या पितळी भांड्यांना, आंबट कळकू नये म्हणून. पाण्याच्या हंड्याला कुणी कल्हई करत नाही. आणि कल्हईवाला भाता घेऊन दारातच बसतो, भांडी तासाभरात परत मिळतात. म्हणजे हे खोटं शेजारणीला त्याच क्षणी कळतं. ती काय म्हणते?

"हां, हल्ली लई येळ लावत्यात कल्हईवाले."

ती जाणूनबुजून खोट्याला खोटं जोडते. नवऱ्याला आता दोन गोष्टी कळल्या: हंडा गेला, आणि मजल्याला ठाऊक आहे. यात संप हा शब्द एकदाही येत नाही.

गिरणगल्ली:
तपशिलाच्या चुका आधी काढा. भोंगा वाजवूच नका. संपात गिरणी बंद आहे. एखादी गिरणी थोडे कामगार घेऊन चालू दाखवायची असेल तर तो वेगळा आणि मोठा प्रसंग होतो. पहिली पाळी सातची. इतकी वर्षं त्या वेळेला उठणाऱ्याला भोंग्याशिवायही जाग येते, ते लिहा.

गावी निरोप पोस्टकार्डाने किंवा गावाच्या खोलीवरच्या, म्हणजे गावकरी मिळून राहतात त्या खोलीतल्या, माणसाबरोबर जाईल. एसटीडी बूथ त्या काळात नाहीत. गावाकडे जायची मनीऑर्डर थांबली आणि उलट गावाहून तांदळाचं बाचकं यायला लागलं, हेही दोन ओळींत पुरेल.

१८ ऑगस्टचा दिवस मात्र टाळा. त्या दिवशी मुंबईत पोलिसांनीच बंड केलं, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. तो आला की हंडा दिसेनासा होईल. ऑगस्टचा पहिला आठवडा बरा.

कोरा कागद:
हंडा घेते. पण मग दोघांचं बोलणं कधीच होत नाही का? कथेत पुढे त्याने बायकोला एकट्याने गावी पाठवायचं आहे. त्याआधी काहीतरी बोलणं हवं. आणि सगळं झाकलं तर वाचकाला धागाच लागणार नाही अशी भीती वाटते.

खाडाखोड:
भीती रास्त आहे. झाकण्याच्या नादात प्रसंग कोडं होऊन बसतो. एक वाक्य सरळ हवं, एकच, आणि ते प्रसंगाच्या शेवटी नको, दोन-तृतीयांशाच्या आसपास.

असं करून बघा. पंधरा मिनिटं घड्याळ लावून दोघांचं खरं भांडण लिहा, काही हातचं न राखता: पगार, पोरं, डॉक्टर, युनियन, सासू. मग लाल पेन घेऊन, जी वाक्यं जाग्या पोरांसमोर आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासमोर बोलता येतील तेवढीच ठेवा. साधारण दोन पानांतून सहा-सात ओळी उरतात. त्या बहुतेक चहा, पाणी, तांदूळ असल्या असतात, आणि त्यांच्या पोटात भांडण आपोआप असतं. कापलेल्यांतलं एकच वाक्य परत आत घ्या. ते तुमचं सरळ वाक्य.

ते बोलायला आडोसा हवा. आडोसा म्हणून पंपाचा स्टोव्ह वापरा. तो पेटला की घरघरतो, आणि त्या आवाजाखाली हळू बोलता येतं. वातीचा स्टोव्ह लिहिलात तर हा डाव फसेल, तो जवळजवळ मुका असतो. रॉकेल रेशनचं, म्हणून स्टोव्ह चहापुरताच. म्हणजे बोलण्याला मुदतही मिळाली: चहा उकळेपर्यंत.

"किती आलं?"
"तांदूळ आणला. उरल्यात त्यात एसटीचं भाडं हुतंय."
ती स्टोव्हची चावी सोडते. आवाज बसतो. थोरला पोरगा कुशीवर वळतो.

"एसटीचं भाडं" हे तुमचं सरळ वाक्य. गावी जायचा निर्णय तिने आधीच घेतलाय हे त्याला इथे कळतं. म्हणजे त्याने तिला पाठवायचं तुमच्या मनात होतं, ते उलटं होतं. मला हे जास्त खरं वाटतं, पण कथा तुमची आहे, पुढच्या प्रकरणाला चालतंय का ते पाहा.

पाणसळ:
चालेल असं मलाही वाटतं. एक दुरुस्ती: "किती आलं?" हे त्याने विचारू नये. विचारलं तर त्याने पहाटे ऐकल्याची कबुली दिल्यासारखं होतं. तो मोरीकडे बघतो, हंडा ठेवायच्या जागी फरशीवर गोल हिरवट डाग उरलाय, आणि तिला दिसतं की तो बघतोय. मग ती न विचारता सांगते.

कोरा कागद:
हे लागलं. बोलीबद्दल शेवटचं: पाटणकडची बोली किती वापरू?

गिरणगल्ली:
क्रियापदांची शेवटं आणि चार-पाच शब्द, बस. "हुतंय, लावत्यात, न्हाई, येळ, च्या." प्रत्येक "ण"चा "न" करत बसलात तर वाचक अर्थ सोडून अक्षरं वाचायला लागतो. निवेदन प्रमाण मराठीतच राहू द्या. ती त्याला "अवं" म्हणेल, नाव घेणार नाही. आणि शेजारीण कोकणातली असेल तर तिच्या तोंडी "वैनी" राहील, पण "येळ लावत्यात" चालणार नाही. लालबागच्या मजल्यावर दोन्हीकडची माणसं असतात. ती कुठली ते आधी ठरवा, मग तिची ओळ लिहा.