रम बेटावरचा किनलॉख कॅसल : पाडायचा की वाचवायचा?

चुनेवाली
परवा भटकंतीच्या धाग्यावर डोंगरयात्री यांनी लिहिलं की स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या रम बेटावरचा तो लाल बंगला, किनलॉख कॅसल, सरकारनं सरळ पाडून टाकावा, एका गिरणी-यंत्रवाल्याच्या पोराचं खेळणं होतं ते, जनतेचा एक पौंडही त्यावर घालू नका, बेट हरणांना आणि गरुडांना द्या. त्यावर पन्नास जणांनी अंगठे दिले. तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय, म्हणून वेगळा धागा काढते.

मी एडिनबरामध्ये जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत काम करते. चुना, दगड, शिसं, पन्हळी हेच माझं रोजचं. आणि मला मनापासून वाटतं की किनलॉख वाचायला हवा, आहे तसा, आतल्या सामानासकट.

नावाला कॅसल, खरं तर तो शिकारीच्या हंगामाचा बंगला. 1897 ते 1900 मध्ये त्याच पोरानं, जॉर्ज बुलोनं, बांधला. बापानं, जॉन बुलोनं, 1888 मध्ये अख्खं बेट विकत घेतलं आणि 1891 मध्ये तो गेला, पोराच्या हाती बेट, पैसा, सगळंच आलं. लाल दगड बोटीतून आणला. बागेसाठी आयरशायरहून अडीच लाख टन माती आणली, कारण रमवर आहे काय, खडक आणि दलदल. लँकेशायरहून तीनशे कारागीर आले, त्यांना किल्ट घालून काम केलं तर जादा मजुरी मिळायची असं सांगतात. ओढ्याच्या पाण्यावर स्वतःची वीज केली. काचघरांत द्राक्षं, पीच, अंजिरं, शिवाय कासवं आणि मगरी! पहिल्या महायुद्धात नोकरचाकर निघून गेले आणि काचघरांची वाट लागली ती लागलीच.

पण मुद्दा असा की 1957 मध्ये जॉर्जच्या विधवेनं, लेडी मोनिका बुलोनं, बेट आणि बंगला 23,000 पौंडांना सरकारी निसर्ग संस्थेला विकला तेव्हा आतलं सामान तिथंच राहिलं. गालिचे, पुस्तकं, शिकारीची मुंडकी, जिन्याखालचं ते ऑर्केस्ट्रियन, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर अख्खा वाद्यवृंद वाजवणारं यंत्र. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर असे शेकडो बंगले पाडले गेले, जे उरले त्यातल्या कित्येकांचं सामान लिलावात फुटलं. इथं सगळं जागेवर आहे. आणि त्याच्यावर वरून पाणी गळतंय.

डोंगरयात्री
माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. मी तिथं जाऊन आलोय, फोटो बघून लिहिलेलं नाही. तुमच्या यादीत मगरी आहेत, माणसं कुठायत? 1826 मध्ये या बेटावरची तीनशेच्या आसपास माणसं दोन जहाजांत भरून कॅनडातल्या केप ब्रेटनला धाडली, कारण जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या. दोन वर्षांनी उरलेल्यांनाही काढलं. मग मेंढ्या परवडेनात, तेव्हा बेट शिकारीसाठी विकलं. 1845 मध्ये एक मार्क्विस, म्हणजे बडा सरदार, आला, पुढं तुमचे बुलो. माणसं हाकललेल्या जमिनीवर हा लाल बंगला उभा आहे. ज्यांची घरं होती त्यांच्या नुसत्या दगडाच्या ओळी उरल्यात गवतात, कोणी त्यांना ताडपत्री घातली का?

पक्षीवेडा
डोंगरयात्रींना शंभर टक्के पाठिंबा. रम हे 1957 पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. ब्रिटनमधून नाहीसा झालेला पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड इथूनच परत आणला, 1975 ते 1985 मध्ये नॉर्वेहून 82 पिल्लं आणून सोडली. हरणांचा अभ्यास 1953 पासून चालू आहे, पिढ्यान् पिढ्या एकेक हरीण ओळखून नोंदी ठेवल्यात. डोंगरमाथ्यावर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची प्रचंड वसाहत आहे, रात्री बिळांतून असा आवाज येतो की अंगावर काटा येतो. निसर्गासाठी नेमलेल्या संस्थेनं बॉलरूमचं छत का दुरुस्त करायचं? ते त्यांचं काम नाही, त्यांना ते येतही नाही, आणि म्हणूनच बंगल्याची ही दशा झालीय.

चुनेवाली
पक्षीवेडा, शेवटचं वाक्य तुम्ही माझ्याच बाजूनं लिहिलंय. ती संस्था वाईट नाही, पण चुकीच्या हातात चुकीची वस्तू पडली. घर राखायचं म्हणजे वर्षातून दोनदा पन्हळी साफ करायच्या, शिशाचा पत्रा फाटला की त्याच महिन्यात नीट करायचा, दगडाच्या सांध्यांत सिमेंट न भरता चुनाच भरायचा, कारण सिमेंट पाणी आत कोंडतं आणि मग वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो. लाकूड ओलं राहिलं की ड्राय रॉटची बुरशी धरते आणि ती विटांच्या भिंतीतूनही पुढं सरकते. एका पन्हळीकडं पाच वर्षं दुर्लक्ष झालं की पुढं पन्नास वर्षांचं काम होऊन बसतं. आम्ही दक्षिण स्कॉटलंडमध्ये बॉर्डर्सकडच्या एका घरात हेच बघितलं, कोपऱ्यातली एक पन्हळ कबुतराच्या घरट्यानं तुंबली होती, एवढंच. खालचा जिना काढून टाकावा लागला. मी त्या दिवशी जिन्याच्या पायरीत स्क्रूड्रायव्हर घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांचं सगळं बालपण त्या जिन्यावर गेलेलं.

फेरीग्रस्त
तुम्ही सगळे बंगला बंगला करताय, तिथं पोचायचं कसं ते बोला. मुख्य भूमीवरच्या मॅलेग बंदरातून फेरी, तीही रोज नाही. आम्ही आईवडिलांना घेऊन गेलो, वारा सुटला म्हणून फेरी रद्द, पुढची दोन दिवसांनी, मॅलेगला एक खोली मिळेना, बाबांच्या गोळ्या संपत आलेल्या. बंगल्यावर कोट्यवधी घालाल हो, बघायला कोण जाणार? आधी बोटी द्या.

मेधा_ग्लासगो
फेरीग्रस्त, तुमचं बरोबर आहे पण तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता, मागच्या वेळी स्कायच्या धाग्यावरही लिहिलं होतं.

मी 2012 मध्ये गेले होते, तेव्हा बंगल्याच्या मागच्या नोकरांच्या भागात हॉस्टेल होतं. बंक बेड, ओल्या बुटांचा वास, मिजेसनी, त्या बारीक चावऱ्या माश्यांनी, चेहरा फोडलेला. संध्याकाळी टूर होती. बॉलरूमच्या खिडक्या मुद्दाम उंच, बाहेरून नोकरांना आतलं दिसू नये म्हणून, असं गाइडनं सांगितलं. मग तिनं ऑर्केस्ट्रियन लावलं. ढोल, शिट्ट्या, झांजा, सगळं एकदम सुरू झालं आणि माझ्या शेजारची एक म्हातारी स्कॉटिश बाई रडायला लागली. तिची आत्या तिथं कामाला होती म्हणे, आणि तिनं हे संगीत फक्त स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. पाडून टाका म्हणणाऱ्यांना मी त्या बाईबद्दल विचारते. तो बंगला फक्त बुलोंचा नव्हता.

चाळ_नंबर_तीन
इतका वेळ गप्प होतो. आता बोलतो.

बुलोंचा पैसा कुठला ते कोणीच लिहिलं नाही. हॉवर्ड अँड बुलो, ॲक्रिंग्टन. सूत कातायची यंत्रं बनवणारा कारखाना, जगभर माल जायचा. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, होते, त्यांच्या यंत्राच्या टोकाला ओतीव लोखंडाची पाटी होती आणि त्यावर हेच नाव. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं पण ती अक्षरं ते बोटानं हवेत काढून दाखवायचे, इतकी वर्षं समोर होती ती. छातीत कापूस गेलेला, रात्री खोकल्यानं सगळी चाळ जागी व्हायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आजोबा परत कधी गिरणीत गेले नाहीत. अडीच लाख माणसं रस्त्यावर आली. गिरणी पाडली, टॉवर उभा राहिला. ती पाटी भंगारात गेली, किलोच्या भावानं.

आणि आता मी यंत्र विकणाऱ्याच्या पोराच्या मगरींच्या काचघरासाठी हळहळायचं? आमच्या आजोबांचं खातं कोणी जपलं नाही, त्याचा बंगला का जपायचा?

डोंगरयात्री
याला म्हणतात बोलणं. विषय संपला.

सूतउतारा
नाही संपला. बुलो घराण्याचा मूळपुरुष जेम्स बुलो हा स्वतः हातमागावरचा विणकर होता. 1840 च्या सुमारास त्यानं आणि केनवर्दीनं मिळून लँकेशायर लूम हा यंत्रमाग सुधारला, बाण्याचा म्हणजे आडवा धागा तुटला की साचा (माग) आपोआप थांबायला लागला. त्यामुळं एका विणकराला जास्त साचे सांभाळता येऊ लागले. म्हणजे घामातून वर आलेलं घराणं आहे, लूट करून नाही. जॉर्जनं उधळलं, पण कमावलं ते डोक्यानं.

चाळ_नंबर_तीन
डोक्यानं कमावलं ना, मग पुढचंही सांगा. एका माणसाला जास्त साचे म्हणजे बाकीच्यांना घरी बसवा. मुंबईत विणकर दोन साचे चालवायचा, मालकांनी तीन चालवा म्हटलं आणि 1928 चा संप पेटला. माझे पणजोबा साचेवाले होते त्यात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढायचे, एकाचा क्षय सगळ्यांना. धागा तुटला की साचा थांबतो हे फार छान, माणूस तुटला तर थांबत नव्हता.

सूतउतारा
यंत्र शोधणाऱ्यावर मालकांचं पाप का घालताय? मी इचलकरंजीचा, आमच्या घरात माग होते, मी त्या आवाजात वाढलोय, त्याच आवाजावर आमची शिक्षणं झाली. मला यंत्राबद्दल कृतज्ञताच आहे. तुमच्या आजोबांचं दुःख खरं आहे पण तेवढंच एक खरं नाही.

चाळ_नंबर_तीन
तुमच्या घरात माग होते. आमच्या घरात मागावर जाणारा माणूस होता. फरक समजून घ्या आणि मग मला शिकवा.

मेधा_ग्लासगो
दोघांनीही थोडं थांबा ना. धागा रमचा आहे.

चाळ_नंबर_तीन
मेधाताई, हाच रमचा धागा आहे. ऑर्केस्ट्रियन ज्या पैशावर वाजत होतं तो आमच्याही खात्यातून गेलाय.

चुनेवाली
चाळ_नंबर_तीन, तुमचं लिहिणं वाचून मी अर्धा तास काहीच टाइप केलं नाही. मला बुलोंची भलामण करायचीच नाहीये. पण तुम्हीच म्हणालात ना, पाटी भंगारात गेली. ती आज असती तर तुम्ही मुलांना बोट धरून दाखवली असती. लालबागमध्ये पुरावा पुसला गेला म्हणून तुम्हाला हवेत अक्षरं काढणाऱ्या आजोबांवरच थांबावं लागतंय. किनलॉख हा त्याच हिशेबाच्या वहीचं दुसरं पान आहे, जमेच्या बाजूचं. तेही फाडलं तर कोणाकडून किती गेलं हे दाखवणार कशावरून? केप ब्रेटनला गेलेल्यांचंही तेच. गवतातल्या दगडाच्या ओळी बघा आणि मग तो लाल बंगला बघा, शेजारी शेजारी. एक काढून टाकलं तर दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

डोंगरयात्री
वही जपायला किती कोटी पौंड? आणि कोण देणार? 2003 मध्ये बीबीसीच्या त्या जुन्या इमारतींच्या स्पर्धेत किनलॉख अंतिम फेरीत होता, लोकांनी मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्सना मतं दिली. लोकांनी निवड केली. डमफ्रीज हाउससारखं 2007 मध्ये राजपुत्र चार्ल्स धावून आला, साडेचार कोटी पौंड जमले, सामान लिलावाला निघालेलं परत फिरवलं, तसं इथं कोणी येणार नाही.

मेधा_ग्लासगो
आला होता की. जेरेमी हॉस्किंग नावाचे धनाढ्य विकत घ्यायला तयार होते. बेटावरच्या काही लोकांनी शंका काढल्या, तेव्हाच्या स्कॉटिश मंत्री लोर्ना स्लेटर यांनी विक्री थांबवली, आणि 2023 मध्ये हॉस्किंगनी नाद सोडला. तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत हाच वाद झाला होता, शब्दाला शब्द.

फेरीग्रस्त
बरोबर केलं बेटवाल्यांनी. चाळीसच्या आसपास माणसं राहतात तिथं. किनलॉख गावाची जमीन आत्ता 2009-10 मध्ये त्यांच्या ट्रस्टकडं आली, इतक्या वर्षांनी. लगेच नवा लॉर्ड आणून बसवायचा का बोकांडी? त्यांना शाळा टिकवायचीय, घरं हवीयत, आणि हो, बोटी.

पक्षीवेडा
आता मला थोडं मागं यावं लागतंय. ट्रस्टच्या लोकांशी मी बोललोय, पक्षी मोजायला गेलो तेव्हा. त्यांनाही बंगला पडायला नकोय. पडका बंगला गावाच्या तोंडावर ठेवून कोण राहील? त्यांना फक्त रस्ता आणि किनारा बंद व्हायला नकोय आणि निर्णयात जागा हवीय. मी 'दुरुस्त का करायचं' म्हणालो ते मागे घेत नाही, संस्थेनं करू नये हेच माझं मत आहे. पण कोणीच करू नये असं म्हणालो असेन तर ते चुकलं.

डोंगरयात्री
घ्या, एक एक करून सगळे फिरले.

ठीक आहे. छप्पर. फक्त छप्पर आणि पन्हळी, पाणी बंद करण्यापुरतं, एवढ्याला माझी हरकत नाही. बॉलरूमचं रेशीम आणि मगरींच्या काचघराला माझ्या करातून एक पेनीही नको. आणि दारात पहिली पाटी 1826 ची हवी, बुलोंच्या आधी.

चुनेवाली
काचघर कोणीच मागत नाहीये. छप्पर आधी, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय. आयरशायरमधलं डॅलकुहारन आठवा, नामवंत वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमनं बांधलेलं घर, 1967 मध्ये कर वाचवायला छप्पर उतरवलं आणि आज आत झाडं आहेत. भिंती उभ्या दिसतात म्हणून लोक म्हणतात करू नंतर. आणि 1826 ची पाटी पहिली, मान्य.

चाळ_नंबर_तीन
दुसरी पाटी माझी. हॉवर्ड अँड बुलो, ॲक्रिंग्टन, ओतीव लोखंडाची, एका रिंग फ्रेमला लावलेली, आणि ती फ्रेम बॉलरूममध्ये ठेवायची, बाहेर शेडमध्ये नाही. तसं करणार असाल तर माझे वीस पौंड घ्या. बंगल्यासाठी देत नाहीये.

सूतउतारा
आमच्या जुन्या शेडमध्ये बघतो. आजोबांनी सेकंडहँड काय काय आणून ठेवलं होतं त्याचा हिशेब कोणाकडं नाही, पण कोपऱ्यात ओतीव पाट्यांचा ढीग आहे. बुलोची निघाली तर फोटो आधी तुम्हालाच पाठवतो, चाळ नंबर तीन.