मदत हवी आहे: आईसाठी स्वीडिश मसाज, बेळगावात

आई ६२ वर्षांची, खानापूरला असते. शिवणयंत्रावर बसून उजवा खांदा लाकडासारखा आखडलाय. गावात एकाकडून चोळून घेतलं, तर दंडावर हिरवेनिळे डाग उठले. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते, हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. चूक आमचीच. शेक, फिजिओचे व्यायाम चालू आहेत. आता डॉक्टरांनी फक्त हलक्या हाताच्या मसाजला परवानगी दिली आहे, जोर अजिबात नको.

स्वीडिशमध्ये तेल लावून तळहाताने लांब सरकते हात देतात, तेवढंच हवंय. कणकेसारखं मळणं, थापटणं नको. टिळकवाडी किंवा शहापूरकडे मसाज करणारी बाईच हवी. कन्नड बोलणारी असली तरी चालेल. एवढंच ३० मिनिटं करून देणारी शिकलेली कुणी माहीत आहे का, आणि साधारण किती घेतात?