मदत हवी आहे: गाडी मिसिंग मारतेय, इंजिन उघडू देऊ का?

मुलुंडचा_वाटसरू
गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते, चढावर पिकअपच नाही. चेक इंजिनचा दिवा लागलाय. गॅरेजवाल्याने तिन्ही स्पार्क प्लग आणि प्लगला करंट देणारी एक कॉइल बदलली, सहा हजार गेले, फरक शून्य. आता म्हणतो दोन नंबर सिलिंडर गेलंय, इंजिन उघडावं लागेल, ३५ हजार धरा. सोमवारी पहाटे आईला डायलिसिसला शीवला न्यायचंय, आठवड्यात तीन फेऱ्या असतात. उघडू देऊ का नको, एवढंच सांगा.

घाटमाथा
गाडी कोणती, किती चाललीय, स्कॅनरवर कोड काय आला? काहीच लिहिलेलं नाही, सांगणार कशावरून?

मुलुंडचा_वाटसरू
कोड पी०३०२. २०१४ ची, हजार सीसी, तीन सिलिंडर, ९६ हजार किमी.

स्वच्छ_इंधन
हा इथेनॉलचा परिणाम. २०१४ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलीच नाही. माझ्या जुन्या गाडीचे रबरी पाइप दोन वर्षांत फुगले. टाकी रिकामी करा, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून घ्या.

नाखवा
मिलन सबवेच्या पाण्यातून नेली होती का? माझी अशीच थरथरायची. कॉइल उपसून बघितलं तर प्लगच्या खळग्यात पाणी. हवा मारून सुकवलं, गाडी मख्खन.

घाटमाथा
पी०३०२ म्हणजे दोन नंबर सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट जळत नाही, बस. कारण ठिणगी, इंधन किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), तिन्हींपैकी काहीही असू शकतं. दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो गेला की वेगळा खर्च.

मुलुंडचा_वाटसरू
कॉइल अदलाबदल केली, कोड दोनवरच. खळगे कोरडे आहेत. पेट्रोलवर टाकली तरी तसंच.

टॅपेटकाका
"पेट्रोलवर टाकली"? म्हणजे सीएनजी आहे! हे पहिल्या ओळीत हवं होतं.

मुलुंडचा_वाटसरू
हो काका, २०१७ ला बाहेरून किट बसवलं, रोज सीएनजीवरच चालते. त्याचा काय संबंध?

टॅपेटकाका
संबंध आहे. दोन्ही इंधनांवर मिसिंग तेच, म्हणजे पेट्रोलचा इंजेक्टर सुटला आणि इथेनॉलही सुटलं. कॉइल, प्लग झाले. उरलं कॉम्प्रेशन. ते मोजल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नका. गेज लावणं तासाभराचं काम. इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग बाहेर, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनची रिंग, नाही चढला तर वाल्व (सिलिंडरची झडप) किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग).

स्वच्छ_इंधन
इथेनॉल इतक्या सहज सोडू नका. पाइप आतून सोलले की कचरा इंजेक्टरमध्ये अडकतो.

घाटमाथा
पण सीएनजीवर पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात हो! तुमचा मुद्दा वेगळ्या धाग्याचा आहे.

मुलुंडचा_वाटसरू
दुसऱ्या गॅरेजमध्ये मोजलं. एक नंबर १७५ पीएसआय, दोन ११०, तीन १७०. ऑइल टाकून दोन नंबर ११५. मग त्यांनी पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. मी स्वतः सायलेन्सरला कान लावला, आतून बारीक "सूंऽऽ" येत होतं, थांबतच नव्हतं. रेडिएटरला बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट ठीक. म्हणजे संपलं ना?

नाखवा
वाल्व जळला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं हेड मिळेल, तेच बसवा.

टॅपेटकाका
थांबा नाखवा, लगेच हेड कुठे बदलता! सायलेन्सरमधून हवा म्हणजे एक्झॉस्ट वाल्व बसत नाही, हे बरोबर. पण सीएनजीवर वाल्व जिथे टेकतो ती सीट झिजते, वाल्व वर सरकतो, टॅपेटचा गॅप (वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) मिटतो आणि वाल्व पूर्ण मिटत नाही. इंजिन थंड असताना फट मोजायची पातळ पत्ती घालून गॅप बघा. शून्य असेल तर आधी तो पुस्तिकेप्रमाणे सेट करा. हेड उतरवायचं ते त्यानंतर. भाऊ, हे उद्याच करा, आईची फेरी चुकवू नका.

मुलुंडचा_वाटसरू
काका, रात्रभर गाडी थंड ठेवून आज सकाळी गॅप बघितला. दोन नंबरच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा जात नव्हती. सेट केल्यावर इंजिन गरम करून मोजलं, ११० चं १५५ झालं. थरथर गेली, कोड पुसल्यावर परत आला नाही. एकूण साडेअठराशे लागले. काल आईला रिक्षाने नेलं, बुधवारी गाडीनेच नेणार. आता पुन्हा कधी बघायचं?

टॅपेटकाका
१५५ अजून बाकीच्यांहून कमीच आहे, सीट थोडी गेलेलीच. आजचा गॅप आणि किलोमीटर कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. ५ हजार किमीला पुन्हा पत्ती घाला. गॅप तसाच असेल तर चालवा. परत मिटला तर हेड उतरवून सीट आणि वाल्वचं काम करावं लागेल, पण तेव्हाही फक्त हेडचं सांगा, सगळं इंजिन नाही. आईंना नमस्कार सांगा.