तुटक बाणाबद्दल थोडं

ताई, तुम्ही विचारलंत की जाळे-आकृतीत (कोणतं काम कशानंतर ते दाखवणारी आकृती; बाण म्हणजे काम, वर्तुळ म्हणजे कामं संपण्या-सुरू होण्याची जागा) तुटक बाण कशाला, त्यावर तर कामच नसतं. अगदी बरोबर, त्याचा वेळ शून्य. तो फक्त ‘हे झाल्यावरच ते’ एवढं सांगतो. पण तो वगळला की आकृती खोटं बोलू लागते. नागपूरच्या बेसा भागात आमच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हाचं उदाहरण देतो. प्लास्टरच्या आधी भिंतीतले विजेचे पाइप आणि दारांच्या चौकटी, दोन्ही व्हायला हवं. सुताराला मापं घ्यायला मात्र नुसत्या चौकटी पुरतात. म्हणून चौकटी संपतात त्या वर्तुळातून प्लास्टरच्या वर्तुळाकडे तुटक बाण. मी दोन्ही कामं एकाच वर्तुळात संपवली होती, त्यामुळे सुतार विनाकारण पाइपवाल्याची वाट बघत बसला.

काम बाणाऐवजी चौकोनात लिहायची पद्धत घेतलीत तर तुटक बाण लागतच नाहीत. नवशिक्यांनी तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

पाइप 6 दिवस, चौकटी 4 दिवस, दोन्ही एकदम सुरू, तर प्लास्टरपुरती चौकटींना 2 दिवसांची सवड. पण दारं बनायला वेळ लागणार असेल तर ती सवड तिकडेच संपते, हेही तपासा.

आणि स्लॅबवर पाणी मारण्याचे दिवस स्वतंत्र काम म्हणून दाखवाच. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस 456, त्याप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे तीच हवा. माझ्या पहिल्या आकृतीत ते दिवस नव्हतेच.