मदत हवी आहे : डस्टर डिझेलच्या टायमिंग बेल्टसाठी जाणकार मेकॅनिक (चिपळूण, कराड, कोल्हापूर)

नमस्कार. आमच्याकडे २०१४ ची डस्टर आहे, १.५ डिझेल, ८५ पीएसवाली. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली. काटा आता ९१ हजारांवर आहे. पहिल्या मालकांनी दिलेली फाइल दोनदा चाळली, पण टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा दातेरी रबरी पट्टा) बदलल्याची पावती त्यात नाही. म्हणजे बहुधा कंपनीतून आलेलाच बेल्ट अजून चालू आहे. किलोमीटरचं सोडा, पण वर्षं केव्हाच उलटून गेलीत, आणि रबर काय, गाडी उभी राहिली तरी जुनं होतच असतं.

बाबांना दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी कराडला न्यावं लागतं. गाडी मीच चालवते. जाऊन-येऊन महिन्यातून चार वेळा कुंभार्ली घाट होतो, म्हणून हे काम आता पुढे ढकलायचं नाही. पण करणारा माणूस नीट निवडायचा आहे.

एवढी का घाबरते ते सांगते. माझ्या मामांच्या जुन्या डिझेल गाडीचा बेल्ट बदलून वर्षही झालं नव्हतं. पाटणच्या अलीकडे चालत्या गाडीचं इंजिन एकदम गप्प झालं. खडखड नाही, धूर नाही. स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीसारखं जड फिरेना, दाणा संपलेल्या गिरणीसारखं हलकं भर्रकन फिरत राहिलं. कॉम्प्रेशनच नव्हतं. गाडी ओढून नेली, हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलं. तिथल्या मिस्त्रींनी एकेका व्हॉल्व्हचा दांडा काचेवर ठेवला, मुंडी काचेच्या कडेबाहेर, आणि बोटाने लोळवून दाखवला. सरळ व्हॉल्व्हची मुंडी जागच्या जागी फिरते, वाकलेल्याची डुलते. आठपैकी सहा डुलले.

बेल्ट नवाच होता, पण टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, जुना ठेवलेला. त्याचं बेअरिंग जाम झालं, नव्या बेल्टचे दाते सोलून निघाले, ताल चुकला आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले. बदलणाऱ्याने "पुली चांगली आहे, कशाला पैसे घालवता" म्हणून ती तशीच ठेवली होती. मामांचे पैसे वाचवायलाच गेला तो, पण पूर्ण हेडचं काम अंगावर आलं.

आमच्या इंजिनात तोच बेल्ट वॉटर पंप आणि डिझेलचा हाय प्रेशर पंपही फिरवतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलायचे हे मी ठरवूनच टाकलंय. उद्या पंप गळायला लागला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल, शिवाय कूलंट नव्या बेल्टवर उडेल ते वेगळंच. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) यांचे ऑइल सीलही त्याच वेळी बघून घ्यायचेत, तेल लागलं की बेल्ट टिकत नाही.

आतापर्यंत तिघांशी बोलले. आमचे नेहमीचे मेकॅनिक काका चिपळूणमध्येच आहेत, माणूस अगदी सरळ. स्विफ्ट आणि डिझायरची डिझेल इंजिनं ते रोज उघडतात, पण त्या इंजिनांना बेल्टऐवजी चेन असते. डस्टरचा बेल्ट त्यांनी एकदाच बसवलाय. "जुन्या बेल्टवर पेंटने खुणा करून घेतो आणि तशाच नव्यावर उतरवतो," म्हणाले. मला अडतंय ते इथेच. आधीच बेल्ट एक दाता चुकून बसला असेल तर ती चूकही खुणांबरोबर उतरणार. आणि बेल्ट काढल्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने कॅम जागचा हलला तर?

दुसऱ्यांनी गाडी न बघताच दोन तासांत देतो म्हणून सांगितलं. उजवीकडचं माउंटिंग काढावं लागतं ना, तेव्हा इंजिनला आधार कसा देता, असं विचारलं तर "ताई, ते आमच्यावर सोडा" एवढंच उत्तर मिळालं. तिथे गाडी देणार नाही.

तिसरे कोल्हापूरचे, उद्यमनगरच्या बाजूला गॅरेज आहे. त्यांनी आधी चासी नंबर मागितला, बेल्ट-टेन्शनरचं कुठलं किट बसतं ते बघून सांगतो म्हणाले. कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना त्यांच्याकडे आहेत. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घालतात, बेल्ट बसवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पिना पुन्हा बसतात का ते तपासतात, आणि मगच स्टार्टर मारतात. हे सगळं मी न विचारता त्यांनी सांगितलं. मजुरी काकांच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरी माझं मन तिकडेच ओढतंय.

आता प्रश्न. ज्यांनी डस्टर, लॉजी किंवा याच १.५ डिझेल इंजिनाच्या दुसऱ्या गाडीचं हे काम कराड, सातारा किंवा कोल्हापुरात करून घेतलंय, त्यांनी कुठे केलं आणि त्यानंतर गाडी किती चालली ते कृपया सांगा. नुसतं "चांगला आहे" नको, त्याने काय काय बदललं तेही लिहा. किट गेट्स, एसकेएफ की कंपनीचंच घ्यावं? आणि डुप्लिकेट ओळखायचं कसं? डबा माझ्यासमोर फोडायला सांगणार आहे, जुने भागही परत मागणार आहे. याशिवाय काही बघायला हवं का?

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कोल्हापूरला जायचं तर हाच बेल्ट घेऊन घाट चढायचा. वरचं कव्हर काढून काकांनी बेल्ट बघितला, भेगा दिसत नाहीत, "हळू गेलीस तर जाईल" म्हणाले. पण वरून दिसतो तो बेल्टचा थोडासाच भाग, टेन्शनरचं बेअरिंग तर दिसतही नाही. टो करून न्यायचा खर्च करणं शहाणपणाचं आहे का? कोणी चिपळूणहून गाडी अशी नेली असेल तर कोणाची क्रेन घेतली आणि भाडं किती पडलं तेही सांगा.

बाबांची पुढची तारीख २२ ची आहे. त्या दिवसापुरती शेजारच्यांची गाडी सांगून ठेवली आहे, आमची तोवर दारातच उभी राहील.